गाडीच्या काचा आतून पुसताना

गाडीच्या पुढच्या काचेवर आतल्या बाजूने एक पातळ तेलकट थर बसत असतो. सूर्य पाठीशी असेल तर तो दिसतच नाही. सूर्य समोर येऊन खाली झुकला की काच एकदम दुधाळ होते, आणि रात्री समोरून हेडलाइट आले की तो उजेड थरात पसरून पुढचा रस्ता झाकून टाकतो. बाहेरची बाजू धुणं सोपं, पाणी ओतलं की निम्मं काम झालं. आतली बाजू मात्र जितकी पुसावी तितक्या रेघा वाढतात. ती रेघांशिवाय कशी निघते हे मला नीट कळायला बरेच महिने गेले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माहेर पालीजवळ, रत्नागिरीच्या अलीकडे. शनिवारची ड्यूटी संपवून दुपारी निघालं की बांबवडे, मलकापूर ओलांडताना ऊन सरळ डोळ्यांवर येतं, आणि आंबा घाट उतरून साखरप्याला पोचेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडलेला असतो. काचेच्या दोन्ही परीक्षा या एकाच रस्त्यावर होतात. गेल्या हिवाळ्यात घाटातल्या एका वळणावर समोरून ट्रक आला आणि क्षणभर अख्खी काच पांढरी झाली. कडेची पट्टी दिसेना, दरीकडचा कठडा दिसेना. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. साखरप्यात चहाला थांबले तेव्हा काचेवर बाहेरून बोट फिरवलं, काही नाही. आतून फिरवलं तर बोटाच्या रुंदीची स्वच्छ वाट उमटली आणि बोट किंचित चिकट झालं.

घरी परतल्यावर गाडी वॉशिंग सेंटरला नेली आणि आतून काच नीट करायला सांगितलं. तिथला मुलगा कष्टाळू होता, त्याने दोनदा पुसली. पण त्याच्या हातातलं फडकं तेच होतं ज्याने त्याने आधी डॅशबोर्डला चकाकी आणणारं पॉलिश लावलं होतं. उन्हात गाडी काढली तर काचेवर इंद्रधनुष्यासारखे गोल गोल फराटे. त्याला दाखवले तर म्हणाला, "ताई, काच क्लीनच आहे की. हे उन्हामुळं दिसतंय." ऊन ते फक्त दाखवत होतं. पॉलिशमधलं सिलिकॉन काचेवर गेलं की साध्या पाण्याने ते हलतही नाही.

हा थर येतो कुठून हे समजून घेतल्यावर मला पुढचं सगळं सोपं गेलं. धूळ हा त्यातला लहान भाग. मोठा भाग गाडीच्या पोटातूनच येतो. डॅशबोर्ड, दाराचे पॅनेल, सीटचं रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट पदार्थ घातलेले असतात. गाडी उन्हात बंद उभी राहिली, डॅशबोर्डवर हात ठेववत नाही इतका तो तापला, की ते पदार्थ हळूहळू वाफ होऊन बाहेर पडतात आणि त्या मानाने थंड असलेल्या काचेवर जाऊन बसतात. गाड्या बनवणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. आतल्या सामानाची यासाठी वेगळी चाचणी असते, तिला फॉगिंग टेस्ट म्हणतात. डीआयएन ७५२०१ या जर्मन मानकात नमुना बंद भांड्यात १०० अंश सेल्सिअसला ३ तास तापवतात, वर २१ अंशांवर थंड ठेवलेली काच झाकतात आणि मग त्या काचेची चमक किती उतरली ते मोजतात. आपल्या गाडीत तीच चाचणी उन्हाळाभर रोज चालू असते. म्हणूनच नव्या गाडीच्या काचा लवकर धुरकटतात, आणि आत कोणी सिगारेट ओढत नसलं तरी धुरकटतात. त्यात आपल्या श्वासाची वाफ, काच पुसायला लावलेला तळहात, मुलांच्या बोटांचे ठसे, डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे लावलेली उदबत्ती आणि परफ्यूमची डबी यांची भर पडते.

एकदा हा थर तेलकट आहे हे मान्य केलं की प्रश्न माझ्या ओळखीचा झाला. लॅबमध्ये आमचं निम्मं काम काचेवर चालतं. स्लाइडवर तेलकट बोट लागलेलं असेल तर रक्ताचा स्मिअर, म्हणजे तपासणीसाठी पसरलेला पातळ थर, सलग येत नाही, मधे मधे गोल भोकं पडतात, आणि मग पेशी मोजायच्या कशा? म्हणून स्लाइड नेहमी कडेने धरायची असं पहिल्याच दिवशी शिकवतात. काचेचं भांडं खरंच स्वच्छ झालं का हे बघण्याचीही एक जुनी रीत आहे. पाणी ओतून भांडं तिरपं करायचं. पाण्याचा सलग पातळ पडदा राहिला तर काच स्वच्छ, पाणी तुटून थेंब थेंब झालं तर अजून तेल आहे. ही रीत गाडीत जशीच्या तशी करता येत नाही, पण काचेवर तोंडाने 'हा' करून वाफ सोडली तर तेच कळतं. स्वच्छ भागावर वाफ एकसारखी बसते आणि एकसारखी उडते. जिथे थर आहे तिथे तिचे ओघळ, बोटं, फडक्याचे वळसे सगळं नकाशासारखं उठून दिसतं.

आधी पाण्याचा निकाल लावला. एका स्लाइडवर बोअरच्या पाण्याचा, नळाच्या पाण्याचा, घरच्या आरओचा आणि डिस्टिल्ड वॉटरचा एकेक थेंब ठेवून वाळू दिला. बोअरच्या थेंबाजागी पांढरं जाड कडं राहिलं, नळाच्या जागी फिकट कडं, आरओच्या जागी उजेडात धरल्यावर दिसेल इतपत, आणि डिस्टिल्डच्या जागी जवळपास काहीच नाही. पाणी उडून जातं, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार काचेवर राहतात. बऱ्याच लोकांच्या काचेवर उरणाऱ्या रेघा म्हणजे हेच क्षार असतात आणि दोष फडक्याला दिला जातो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. चार काचांना पेलाभरसुद्धा लागत नाही.

तेल काढायला नुसतं पाणी पुरत नाही. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड तेल सोडवतं, पण मग तो साबणच काचेवर राहतो, आणि गाडीच्या आत पाणी ओतून तो खळबळून काढायची सोय नाही. शाम्पूचंही तेच. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल निवडलं, ज्याला आम्ही आयपीए म्हणतो. ते तेलकट थर सैल करतं आणि स्वतः मागे काही न ठेवता उडून जातं. मी निम्मं आयपीए आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण स्प्रेच्या बाटलीत करते. ते पेट घेतं, त्यामुळे चारही दारं उघडी ठेवायची, जवळ उदबत्ती, काडी, सिगारेट काही नको, आणि बाटली गाडीत ठेवून उन्हात गाडी सोडायची नाही.

हँड सॅनिटायझरमध्येही अल्कोहोल असतंच, मग तेच का नको, असं माझ्या भावाने विचारलं. २०२० पासूनच्या बाटल्या त्याच्याकडे पडून होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या सॅनिटायझरच्या कृतीत हात कोरडे पडू नयेत म्हणून १.४५ टक्के ग्लिसरॉल आहे. अल्कोहोल उडतं, ग्लिसरॉल काचेवर चिकटून राहतं. जेलमध्ये तर घट्टपणासाठी आणखी पदार्थ असतात. हातासाठी जे चांगलं तेच काचेसाठी वाईट. ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं, याचा तर विचारही करू नये, ते डॅशबोर्डचं प्लॅस्टिक खातं. घरच्या काचेचं अमोनिया असलेलं क्लीनर मी बाजूला ठेवलं, कारण बंद गाडीत त्याचा वास डोळ्यांत जातो आणि काचेला फिल्म असेल तर अमोनियाने ती खराब होते.

आता कापड. आईच्या घरी कंदिलाच्या काचा जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुसायचे, पण गाडीच्या काचेवर सुती कापडाची लव राहते. वर्तमानपत्राची युक्ती सगळ्यांना माहीत आहे आणि घरच्या खिडक्यांना ती चालते. गाडीत ओल्या कागदाची शाई काचेभोवतीच्या फिकट अस्तराला लागते आणि तो डाग निघत नाही. मी मायक्रोफायबर घेतलं, पण केसाळ, जाड टॉवेलसारखं नाही. ते गाडी सुकवायला ठीक. काचेसाठी पातळ, आखूड विणीचं किंवा चौकटी-चौकटींचं कापड चांगलं. यात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे फार बारीक, चिरलेले धागे असतात आणि त्या चिरांमध्ये तेल धरलं जातं. हीच त्याची खुबी. नवीन कापड एकदा धुऊन घ्यावं, नाहीतर पहिल्या दिवशी तेच तंतू सोडतं.

प्रत्यक्ष काम मी सकाळी करते, गाडी सावलीत आणि काच थंड असताना. तापलेल्या काचेवर मिश्रण पुसण्याआधीच वाळतं आणि जिथे वाळलं तिथे रेघ राहते. आधी डॅशबोर्डवरची धूळ फक्त ओलसर फडक्याने टिपून घ्यायची, तिथे चकाकीचं काहीही लावायचं नाही. चकाकणारा डॅशबोर्ड उन्हात काचेत उलटा दिसतो, आणि ते पॉलिश उडून पुन्हा काचेवरच येतं, त्यामुळे ते मी कायमचं बंद केलं. एसी बंद. मग काच बाहेरून पुसून घ्यायची. बाहेरची बाजू मळकी असेल तर आतली स्वच्छ झाली की नाही हे कळायला मार्गच राहत नाही.

बाहेरून पुसताना हात वरून खाली, आतून पुसताना डावीकडून उजवीकडे. ही एवढी शिस्त पाळली तर नंतर रेघ दिसल्यावर ती कुठल्या बाजूची हे लगेच कळतं. उभी असेल तर बाहेरची, आडवी असेल तर आतली. नाहीतर माणूस आतून बाहेरून आलटून पालटून पुसत बसतो.

पुढची काच आतून पुसायला ड्रायव्हरच्या सीटवर बसू नये. स्टिअरिंग मधे येतं आणि हात वाकडा होऊन दाब सारखा पडत नाही. मी शेजारच्या सीटवर बसते, सीट पूर्ण मागे घेते आणि तिथून पलीकडेपर्यंत हात पोचवते. मिश्रण काचेवर फवारायचं नाही, कापडावर फवारायचं. काचेवर फवारलं की खाली ओघळून डॅशबोर्डच्या फटीत, स्पीकरच्या जाळीत, स्क्रीनवर जातं. आरशामागे सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर तो भाग सोडून द्यायचा. फास्टॅगच्या कडेनेही जपून, त्याच्या कागदाखाली ओल गेली तर तो सुटू लागतो आणि सुटलेला टॅग पुन्हा चिकटवून चालत नाही.

काचेचे मनातल्या मनात दोन भाग करायचे. एका भागावर ओलसर कापड आडवं, थोडा दाब देऊन फिरवायचं आणि ते ओलं असतानाच दुसऱ्या, पूर्ण कोरड्या कापडाने लगेच टिपून घ्यायचं. माझ्या मते सगळं काम या दुसऱ्या कापडावर आहे. पहिलं कापड तेल सोडवतं, पण सुटलेलं तेल तिथेच तरंगत असतं. ते उचललं नाही तर अल्कोहोल उडाल्यावर तेल पुन्हा पातळ पसरून बसतं, आणि आपण म्हणतो पुसून काही उपयोग नाही. कापडाची चौघडी केली की दोन्हीकडून मिळून आठ बाजू मिळतात. प्रत्येक भागाला नवी बाजू. पहिल्यांदा केलं तेव्हा ओल्या कापडाच्या बाजू करड्या-पिवळसर होत गेल्या. काच इतके दिवस स्वच्छ दिसत होती आणि त्यावर एवढं होतं, हे बघून मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्याच काचेतून मी लेकीला घेऊन घाट उतरत होते.

खालचे दोन कोपरे सगळ्यांचे राहतात. काच तिथे डॅशबोर्डच्या इतकी जवळ येते की तळहात शिरत नाही. तिथे हात उलटा करायचा, तळहात खाली, बोटांच्या मागच्या बाजूवर कापड, आणि काचेच्या उताराबरोबर सरकवत न्यायचं. मनगट मोडल्याशिवाय कोपऱ्यापर्यंत पोचता येतं. हे मला एका ॲल्युमिनियम सेक्शनच्या कामगाराने सांगितलं, तो खिडक्यांच्या चौकटीतले कोपरे असेच काढतो.

दाराच्या काचा पुसताना त्या आधी दोन बोटं खाली घ्यायच्या, वरची कड पुसायची, मग काच वर करून बाकीची. ती कड रबरात लपलेली असते आणि तिथला मळ पुढच्या वेळी काच खाली-वर केली की सगळीकडे ओढला जातो. खालचं रबरही कापडाच्या कोपऱ्याने टिपून घ्यावं. या काचांमध्ये बाहेरच्या आरशासमोरचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा. तो धुरकट असेल तर मागून येणारी मोटरसायकल दिसत नाही, आणि आरसा कितीही पुसला तरी फरक पडत नाही.

मागच्या काचेवर डिफॉगरच्या बारीक तपकिरी आडव्या रेषा असतात. त्या आतल्या बाजूलाच छापलेल्या असतात आणि त्यातून वीज जाऊन काच तापते. तिथे कापड रेषांच्या दिशेनेच न्यायचं, हलक्या हाताने. जुन्या स्टिकरचा डिंक काढायला ब्लेड लावलं आणि एक रेषा तुटली तर तेवढी पट्टी धुरकट राहते. आमची गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने काळ्या फिल्म काढल्या होत्या, पण डिंकाचे ठिपके मागे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हा अशा कितीतरी गाड्यांच्या काचा खरवडल्या गेल्या. आयपीएने भिजवलेलं कापड त्या ठिपक्यांवर काही वेळ दाबून धरलं, डिंक मऊ झाला की बोटाने गोळा केला, पुन्हा दाबून धरलं. त्याला एक पूर्ण रविवार गेला, पण रेषा सगळ्या शाबूत राहिल्या.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०० क्रमांकाचा नियम आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, अशी ती अट. काचेची पारदर्शकता अशी मोजून बांधून दिली आहे, आणि आतून बसणारा थर मात्र प्रत्येकाने आपापला सांभाळायचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. टायरची हवा आपण बघतो, ऑइल बघतो, आणि ज्यातून रस्ता दिसतो ती काच बाहेरून ओली केली की झाली म्हणतो.

पुसून झाल्यावर लगेच समाधान मानत नाही. काचेवर वाफ सोडून बघते, मग अंधार पडल्यावर बाहेरून मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरपा धरते आणि आत बसलेल्या मुलीला विचारते कुठे काय दिसतंय. समोरून धरलेल्या उजेडात न दिसणारा फराटा तिरप्या उजेडात लगेच दिसतो. सिलिकॉनचा जुना थर पहिल्या खेपेला पूर्ण निघाला नव्हता. आठवड्याने पुन्हा तेच केलं तेव्हा गेला.

पावसाळ्यात याचा आणखी एक फायदा दिसला. आंबा घाटात धुकं आणि पाऊस एकत्र असतो, काच आतून सारखी धुरकटते. मळक्या काचेवर वाफेचे असंख्य बारीक थेंब बसतात आणि प्रत्येक थेंब उजेड उधळतो. स्वच्छ काचेवर ओल जास्त सपाट पसरते आणि एसी लावला की लवकर जाते. वाफ धरणं पूर्ण थांबत नाही. त्यासाठी एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडायची आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण लावायचं. काचेला टूथपेस्ट किंवा दाढीचा फेस चोळायचे सल्ले मिळतात. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, आणि फेसाचा थर वाफ थोडी अडवतो पण रात्री तोच पुन्हा चकाकतो. मी दोन्ही करत नाही. धुरकटलेली काच चालत्या गाडीत तळहाताने पुसायची नाही एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, तळहाताचं तेल लगेच बसतं.

आता दर महिन्याला नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने कापड ओलसर करून एक हात फिरवते आणि मागोमाग कोरडं कापड. आयपीए फक्त उन्हाळा संपताना आणि दिवाळीच्या आधी. थर कोवळा असताना एवढं पुरतं.

कापडांची निगा काचेइतकीच लागते. ती घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकत नाही, वेगळ्या बादलीत कोमट पाण्यात थोडं लिक्विड डिटर्जंट घालून धुते आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळते. कपडे मऊ करणारं कंडिशनर त्यांना अजिबात लावायचं नाही. ते धाग्यांवर मेणचट लेप चढवतं आणि तोच लेप काचेवर उतरतो. वाळली की झिपच्या पिशवीत, आणि पिशवी घरात, डिकीत नाही. एकावर मार्करने 'ओलं' आणि दुसऱ्यावर 'कोरडं' लिहिलं आहे, म्हणजे घरात कोणीही काच पुसायला घेतली तरी कापडांची अदलाबदल होत नाही.